जखमी हरिणाचा माग आणि आपली जबाबदारी



गेल्या हिवाळ्यात एका रात्री इशाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एका तरुणाचा फोन आला. हा तरुण नोकरीनिमित्त जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील एका लहानशा गावात राहतो. त्याच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे तांबूस रंगाचा, काळसर तोंडाचा एक कुत्रा आहे. कोणाच्या गोळीने हरिण केवळ जखमी होऊन पळाले किंवा रस्त्यावर मोटारीची धडक बसून रानात नाहीसे झाले की त्या गृहस्थांना बोलावणे येते. त्या दिवशी पहाटे ते निघाले तेव्हा हा तरुणही कुतूहलापोटी त्यांच्याबरोबर गेला. कुत्रा लांब दोराला बांधलेला होता. गोठलेल्या जमिनीवरून नाक न उचलता तो दीड तास चालत राहिला आणि शेवटी एका दाट झुडपापाशी थांबला. आत पुढचा पाय मोडलेले हरिण जिवंत पडले होते. मालकाने त्याच्या यातना तेथेच संपवल्या.

तरुणाने मला तीन प्रश्न विचारले. कुत्र्याचे ओले तोंड पँटला लागले, तर त्या कपड्यांत नमाज होईल का? शेजाऱ्यांनी मांस देऊ केले आहे, ते खावे का? तिसरा प्रश्न त्याने जरा संकोचून विचारला : "मौलाना, गोळी झाडली दुसऱ्यानेच. हरिण या म्हाताऱ्याचे नव्हते, मांसही त्याला नको होते. मग त्या थंडीत तो दीड तास का चालला?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पाच मिनिटांत झाली. तिसऱ्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. तो प्रश्न त्या एका हरिणापुरता नाही, हे वाचता वाचता आपल्याही लक्षात येईल.

कुत्र्याविषयी आपली समजूत

आपल्या घरांमध्ये कुत्र्याचे नाव निघाले की बहुधा एकच वाक्य ऐकू येते : "ते नापाक आहे." या वाक्यात जेवढे सत्य आहे तेवढेच धरावे, त्यापुढे जाऊ नये. आपल्या कोकणातील बहुतेक मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत. त्या मसलकाप्रमाणे कुत्र्याचा ओला स्पर्श झालेली जागा सात वेळा धुवावी लागते आणि त्यांपैकी एकदा मातीमिश्रित पाण्याने धुवावी लागते. देशावरील, मराठवाड्यातील आणि विदर्भातील आपले बहुसंख्य बांधव हनफी आहेत. त्यांच्या मते कुत्र्याची लाळ अपवित्र आहे, पण कोरडे अंग लागल्याने कपडा बाटत नाही. मालिकी इमामांनी तर कुत्र्याला मुळात पवित्रच मानले आहे आणि भांडे धुण्याच्या आज्ञेकडे केवळ आज्ञापालन म्हणून पाहिले आहे. म्हणून त्या तरुणाला मी एवढेच सांगितले की तू शाफई घरातला आहेस, कपड्याची तेवढी जागा आपल्या पद्धतीने धू आणि नमाज पढ.

हौसेखातर घरात कुत्रा पाळण्याबाबत हदीसमध्ये ताकीद आहे. अशा माणसाच्या पुण्यातून रोज काही अंश कमी होतो असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. मात्र त्याच हदीसमध्ये शिकारीचा, गुराढोरांच्या राखणीचा आणि शेतीचा कुत्रा या ताकिदीतून वगळला आहे. म्हणजे शरिअतने या प्राण्याला नाकारलेले नाही. त्याला कामाची जागा दिली आहे. सूरह कहफमध्ये गुहेतील श्रद्धावंत तरुणांबरोबर त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख येतो. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून, आपल्या पादत्राणात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, ही हदीस तर आपण मुलांनाही सांगतो. ती सांगून झाल्यावर मशिदीच्या दाराशी बसलेल्या कुत्र्याला दगड मारणारी मुलेही आपलीच असतात. याचा विचार व्हायला हवा.

शिकवलेला आणि न शिकवलेला

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारीसाठी शिकवलेल्या प्राण्यांचा विषय आला आहे. तुम्ही ज्यांना शिकवून तयार केले आहे त्या प्राण्यांनी तुमच्यासाठी पकडून ठेवलेले खा आणि त्यावर अल्लाहचे नाव घ्या, असा तिचा आशय आहे. शिकवणाऱ्यांसाठी तेथे 'मुकल्लिबीन' हा शब्द योजला आहे आणि त्याचे मूळ 'कल्ब', म्हणजे कुत्रा, या शब्दात आहे. आयत पुढे असेही सुचवते की तुम्ही या जनावरांना जे शिकवता, ते तुम्हाला अल्लाहने शिकवलेल्या ज्ञानातूनच असते. ज्ञान वरून येते, माणसापर्यंत पोहोचते आणि माणसाकडून एका मुक्या जनावरापर्यंत जाते. इमाम इब्ने कय्यिम यांनी यावरून एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. शिकलेल्या कुत्र्याची शिकार हलाल आणि अडाणी कुत्र्याची नाही, इतका विद्येचा मान आहे. विद्येने कुत्र्याचाही दर्जा वाढतो, तर माणसाचे काय!

मग कुत्रा 'शिकलेला' कधी म्हणायचा? मदरशात आम्ही इमाम कुदूरींचा ग्रंथ शिकलो. तो सुमारे हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यात नियम असा आहे की कुत्र्याने पकडलेली शिकार तीन वेळा न खाता तशीच ठेवली, तर तो शिकलेला मानावा. बहिरी ससाण्याची कसोटी वेगळी आहे. हाक मारल्यावर तो परतला पाहिजे. ससाण्याचा स्वभाव उडून जाण्याचा आणि कुत्र्याचा स्वभाव खाण्याचा. ज्याचा जो स्वभाव, त्याला आवर घालणे हेच त्याचे शिक्षण. विद्यार्थिदशेत हे वाक्य मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या फोननंतर नीट कळला.

माग काढणारा कुत्रा कसा घडतो

त्या तरुणाने नंतर शेजाऱ्यांना विचारून बरीच माहिती मला कळवली, मीही थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

जर्मनीत या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या कुत्र्यांच्या जाती आहेत. हॅनोव्हरियन आणि बव्हेरियन या त्यांतल्या प्रमुख होत. आखूड पायांचा, लांब अंगाचा डॅक्सहुंड हाही उत्तम माग काढतो. अमेरिकेत तो या कामासाठी विशेष पसंत केला जातो, कारण त्याची चाल माणसाला झेपते. पण केवळ जातीवर निवड होत नाही. जाणकार आधी पिल्लाचे आईबाप काम करणारे आहेत का ते पाहतात. मग त्याचा स्वभाव पाहतात. पिल्लू भित्रे नको, बंदुकीच्या आवाजाने बावरणारे नको आणि फार उतावळेही नको. उतावळा कुत्रा वेगाने पुढे जातो आणि पहिल्याच वळणावर माग हरवून बसतो. शांत डोक्याचे, हाती घेतलेले न सोडणारे आणि चुकल्यावर स्वतःच मागे येऊन पुन्हा शोधणारे पिल्लू ते पसंत करतात.

शिक्षण आठ-दहा आठवड्यांच्या वयापासून खेळासारखे सुरू होते. हरिणाच्या कातड्याचा तुकडा गवतावरून थोडे अंतर ओढत नेतात आणि शेवटी तो कातडा व एखादा खाऊ ठेवतात. पुढे रानात थेंब थेंब रक्त टाकून माग तयार करतात. आरंभी तो सरळ, आखूड आणि ताजा असतो. मग त्यात वळणे येतात, अंतर वाढते, मध्ये एक रात्र जाऊ देतात. काही शिक्षक तळाला हरिणाचे खूर बसवलेले खास बूट घालून चालतात, कारण कुत्रा केवळ रक्ताचा वास घेत नाही. हरिणाच्या खुरांच्या बेचक्यात गंधग्रंथी असतात. त्यांचा वास, तुडवलेल्या गवताचा आणि उकरलेल्या मातीचा वास, गळालेल्या केसांचा वास, हे सारे मिळून त्याला वाट दाखवतात. तेथील एका नावाजलेल्या परीक्षेत सुमारे १००० मीटरच्या मागासाठी फार तर पाव लिटर रक्त वापरतात आणि तो माग किमान २० तास तसाच पडू देतात. त्याहून कठीण परीक्षेत ४० तास. मधल्या वेळात धडधाकट हरणे, रानडुकरे त्या वाटेला छेद देऊन गेलेली असतात. त्यांचा वास ताजा आणि मोहात पाडणारा असतो. कुत्र्याने तो सोडून शिळा, पुसट होत चाललेला एकच माग धरून राहायचे असते, कारण जखमी आहे ते हरिण त्या वाटेने गेले आहे.

या शिक्षणातील तीन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली गोष्ट अशी की कुत्रा माग चुकला तर त्याला मारत नाहीत. जेथपर्यंत माग निश्चित होता, त्या जागेवर त्याला शांतपणे परत आणतात आणि पुन्हा सुरुवात करू देतात. मार खाल्लेला कुत्रा शोधण्यापेक्षा मालकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो आणि मग कामातून जातो.

दुसरी गोष्ट : रुंद पट्टा आणि सुमारे दहा मीटरचा दोर याच कामासाठी राखून ठेवतात. तो पट्टा गळ्यात पडला की कुत्र्याला कळते, आता खेळ नाही. वुजूचे पाणी हाताला लागल्यावर आपल्यालाही तसेच कळायला हवे.

तिसरी गोष्ट अशी की हरिण सापडल्यावर कुत्र्याने त्याचे लचके तोडता कामा नयेत. जर्मनीतील परीक्षांमध्ये सापडलेले जनावर खाणारा कुत्रा या कामास नालायक ठरतो, मग त्याचे नाक कितीही तीक्ष्ण असो.

येथे वाचकांना हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांची हदीस आठवेल. औदार्यासाठी विख्यात असलेल्या हातिम ताईंचे हे पुत्र, शिकारीचे जाणकार. त्यांनी प्रेषित (स.) यांना शिकारी कुत्र्यांविषयी अनेक प्रश्न विचारले. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये ती उत्तरे आली आहेत. त्यांतले एक असे की कुत्र्याने शिकारीतले खाल्ले असेल तर तुम्ही ती खाऊ नका, कारण त्याने ती स्वतःसाठी पकडली असण्याची भीती आहे. पाहा, शिकार तीच, धावणे तेच, पकडणेही तेच. फरक एवढाच की ती कोणासाठी पकडली. आपण ज्याला इख्लास म्हणतो त्याचीच ही कसोटी आहे, आणि ती एका जनावराला लावून दाखवली आहे. लोकसेवा करणाऱ्याने, मशिदीचा हिशेब पाहणाऱ्याने, माझ्यासारख्या मिंबरवर उभे राहणाऱ्याने स्वतःला विचारावे की मी जे शोधतो आहे त्यातले मध्येच खातो तर नाही ना? पैशानेच खाल्ले जाते असे नाही. नावलौकिकही खाता येतो.

शोध सोडून बसू नका

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. अदी (रजि.) यांच्या प्रश्नांत हरवलेल्या शिकारीचा प्रश्नही होता. बाण लागला, जनावर दिसेनासे झाले, एक-दोन दिवसांनी सापडले तर काय करावे? उत्तराचा आशय असा आहे : त्यावर तुमच्या बाणाखेरीज दुसरी खूण नसेल तर खाऊ शकता, पण ते पाण्यात पडलेले मिळाले तर खाऊ नका, कारण ते बाणाने मेले की पाण्याने हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या कुत्र्याबरोबर दुसरा कुत्रा मिसळला असेल तरीही खाऊ नका, कारण अल्लाहचे नाव तुम्ही तुमच्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नव्हे. म्हणजे आपल्या हातून काय घडले आणि काय घडले नाही, याचा छडा लावल्याशिवाय लाभ घ्यायचा नाही.

हनफी फकीहांनी यात एक अट घातली आहे. इमाम कुदूरींनी ती नोंदवली आणि पुढे 'हिदाया' या ग्रंथात तिचे विवेचन आले. घाव लागलेले जनावर नजरेआड झाले आणि शिकारी सतत त्याच्या शोधात राहिला, तर ते मेलेले सापडल्यावरही खाता येते. पण तो शोध सोडून 'बसला' आणि नंतर ते मेलेले सापडले, तर ते खाता येत नाही. इतर मसलकांत तपशिलाचे मतभेद आहेत, पण येथे मला त्या 'बसण्या'चा विचार करायचा आहे. जनावर तेच आहे, घावही तोच. मध्ये फक्त एक माणूस खाली बसला आणि हुकूम बदलला. बसल्यामुळे मृत्यूचे कारण संशयित झाले, ही झाली फिकहची बाजू. तिच्या पोटात एक नैतिक सत्यही आहे. घाव घालणाऱ्याचे नाते जनावर नजरेआड झाल्याने तुटत नाही. बाण सुटला तेव्हाच शोधाचे कर्तव्य त्याच्या गळ्यात पडले.

आजच्या काही देशांच्या कायद्यांतही हेच तत्त्व दिसते. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्यानुसार घायाळ जनावराला टाळता येण्याजोग्या यातनांतून विनाविलंब सोडवणे बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये हरणांसारख्या खूर असलेल्या वन्य जनावरांची शिकार करताना, गोळी लागल्यापासून दोन तासांच्या आत माग काढणारा कुत्रा तेथे पोहोचू शकेल अशी व्यवस्था आधीच असावी लागते. नॉर्वेमध्येही हरणांच्या शिकारीसाठी परीक्षा उत्तीर्ण झालेला कुत्रा उपलब्ध असणे आवश्यक आहे. म्हणजे बंदूक उचलण्यापूर्वीच विचारले जाते, की चुकलात तर काय कराल? चांगल्या गोष्टीचा आदर ती कोठेही दिसली तरी करावा.

हे वाचून कोणी म्हणेल, त्यापेक्षा शिकारच करू नये, म्हणजे माग काढण्याची वेळ येणार नाही. आपल्या देशापुरते हे म्हणणे अगदी बरोबर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार गुन्हा ठरवली आहे. चितळ असो, सांबर असो वा काळवीट, चोरून मारलेल्या जनावराचे मांस "बिस्मिल्लाह म्हणून कापले" असे सांगत कोणी देऊ लागला तर ते घेऊ नका. ज्या देशात आपण सुरक्षिततेच्या करारावर राहतो त्याचे नियम मोडणे हा विश्वासघात आहे. शिवाय केवळ मौजेखातर जीव घेण्याला इस्लाममध्ये कोठेही मान्यता नाही. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास प्रेषितांनी (स.) सक्त मनाई केली आहे. प्रत्येक कामात उत्कृष्टता ठेवावी, जिबाह करतानाही सुरी धारदार असावी आणि जनावराला आराम द्यावा, ही त्यांची शिकवण आहे.

पण त्या आक्षेपाने प्रश्न संपत नाही. त्या गृहस्थांना मोटारीने धडकलेल्या हरणांसाठीही बोलावतात, आणि मोटार चालवणाऱ्याने काही शिकार केलेली नसते. माणूस चालतो, गाडी हाकतो, संसार करतो, बोलतो, आणि त्याच्या हातून जखमा होत राहतात. कोणालाच न दुखावता जगता आले तर उत्तमच, पण तसे जगलेला माणूस मी पाहिलेला नाही. म्हणून जखम झाल्यानंतरचा धर्म कोणता, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक शंका येते. चांगला कुत्रा मदतीला आहे म्हणून शिकारी बेफिकीर होऊन लांबून, अंधारात गोळ्या झाडू लागला तर? तौबाचे दार उघडे आहे म्हणून गुनाह करणाऱ्यासारखीच त्याची स्थिती होईल. तौबा चुकलेल्यासाठी आहे, चुकण्याचा परवाना म्हणून नाही. कुत्र्याचेही तसेच.

त्या तरुणाच्या मांसाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच सांगून टाकतो. बंदुकीच्या गोळीने मेलेल्या जनावराबाबत उलमांमध्ये मतभेद आहे. गोळी धारेने कापत नाही, जोराच्या आघाताने मारते, म्हणून आपल्याकडील बहुतेक हनफी उलमा जिबाह केल्याशिवाय असे जनावर हलाल मानत नाहीत. अन्य काही विद्वानांनी अल्लाहचे नाव घेऊन झाडलेल्या गोळीची शिकार मान्य केली आहे. त्या हरिणावर ना अल्लाहचे नाव घेतले गेले होते, ना ते जिबाह झाले होते. म्हणून मी त्याला म्हटले, "शेजाऱ्यांचे आभार मान, मांस नम्रपणे नाकार आणि बदल्यात त्यांना घरची बिर्याणी पाठव." परदेशात राहणाऱ्या वाचकांनी असा प्रसंग आल्यास जवळच्या आलिमांना पूर्ण तपशील सांगून विचारावे.

आपल्या हातून जखमी झालेली माणसे

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुदूरींचे ते 'बसणे' मनातून जाईना. कारण मीही एकदा बसलो होतो.

सहा वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी मशिदीत इमाम होतो आणि संध्याकाळी मकतब चालवत असे. तेथे बारा वर्षांचा एक मुलगा होता. एक उच्चार त्याला काही केल्या जमत नसे. एके दिवशी माझा संयम सुटला आणि तीसेक मुलांसमोर मी त्याला म्हणालो, "तुझ्या बापासारखी हातगाडीच ढकल तू." मुले हसली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी दोन दिवस वाट पाहिली. मग मनाशी म्हटले, मुले अशी रुसतातच, येईल आपणहून. काही महिन्यांनी ते कुटुंब गाव सोडून गेले आणि मीही दुसऱ्या मशिदीत आलो. हरिण नजरेआड झाले होते. मी निवांत नमाज पढवत होतो आणि जुम्याच्या खुत्ब्यांतून जिभेच्या संयमावर बोलतही होतो.

सहीह मुस्लिममधील मुफ्लिसची, म्हणजे दिवाळखोराची हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. कयामतच्या दिवशी एक माणूस नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर आळ घेतला असेल, कोणाला मारले असेल. त्याची पुण्ये त्या पीडितांना वाटली जातील, आणि ती संपली तर त्यांची पापे त्याच्या माथी येतील. ज्यांना आपण विसरलो ते सारे त्या दिवशी हजर असतील. तेथे कोणाचाही माग काढावा लागणार नाही. शोधण्याची मुदत आहे ती येथेच.

म्हणून शोध घेतला. जुन्या गावातील एका किराणा दुकानदाराकडून मुलाच्या मामांचा नंबर मिळाला, मामांकडून त्याचा. तो आता अठरा वर्षांचा आहे आणि एका शहरात गॅरेजमध्ये काम करतो. मी नाव सांगितले, ते वाक्यही सांगितले आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मला आठवत नाही, मौलाना." मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. नंतर तो हळूच म्हणाला, "पण त्यानंतर मी कुरआन हातात घेतला नाही."

वाचकहो, हे वाक्य ऐकल्यावर मला जे वाटले ते येथे लिहीत नाही. मी त्याला कुरआन वाचायला सांगितले नाही. आता मी दर आठवड्याला त्याला फोन करतो. कधी तो उचलतो, कधी नाही. उचलला की गॅरेजच्या गप्पा होतात. मागच्या महिन्यात त्याने वडिलांची तब्येत सांगितली. एवढेच.

येथे मला त्या कुत्र्यांच्या जाणकारांकडून आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. हरिणाच्या पोटात गोळी लागली असेल तर ते लगेच मागावर निघत नाहीत, कित्येक तास थांबतात. कारण लगेच पाठलाग केला तर जवळच आडोशाला पडलेले हरिण भीतीने पुन्हा उठते आणि जखमी अवस्थेत फार दूर जाते. थांबणे आणि बसणे यांत फरक आहे. थांबलेल्या माणसाचे लक्ष मागावर असते, बसलेल्याचे स्वतःच्या आरामावर. दुखावलेल्या माणसामागेही आपण कधीकधी माफी घेऊन असे धावतो की त्याला आणखी पळावे लागते, कारण आपल्याला त्याची वेदना नव्हे, आपल्या मनाची टोचणी लवकर संपवायची असते. तीही एक प्रकारे शिकार स्वतःच खाणे झाले.

आपणही आपापल्या घरात पाहावे. मालमत्तेच्या वाटणीवरून दहा वर्षे न बोललेला भाऊ असेल. लग्नातल्या देण्याघेण्यावरून ऐकवलेल्या एका शब्दानंतर माहेरी येणे बंद केलेली बहीण असेल. पगार कापून काढून टाकलेला कामगार असेल, सर्वांसमोर अपमानित झालेली सून असेल. "मी काही एवढे बोललो नव्हतो" असे आपण म्हणतो. माग काढणारे लोक गोळी झाडणाऱ्याच्या "नेम चुकला, हरणाला काही लागले नाही" या सांगण्यावर विसंबत नाहीत. ते तरीही कुत्रा घेऊन जागा तपासतात, कारण रक्ताचा थेंब न सांडताही हरिण जखमी झालेले असू शकते. घाव किती लागला हे घाव घालणाऱ्याने ठरवायचे नसते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

त्या तरुणाला मी आता उत्तर लिहून पाठवले आहे. शेजाऱ्यांच्या मनातला हेतू मला माहीत नाही, तो अल्लाहला ठाऊक. पण ते का चालले, याचे जे उत्तर आपल्या दीनमध्ये मिळते ते असे : कोणीतरी कोठेतरी तडफडत आहे हे ज्याला कळले आणि ज्याच्याजवळ तेथवर पोहोचण्याचे साधन आहे, त्याच्यावर त्या कळण्याचीच जबाबदारी येते. जखम दुसऱ्याने केली असली तरी. प्रत्येक ओल्या काळजाच्या प्राण्याशी केलेल्या भलाईचे पुण्य आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले तेव्हा ते जनावर कोणाचे आहे ही अट घातली नाही. मग जेथे जखम आपल्याच हातची आहे, तेथे आपण किती चालायला हवे?

मी त्याला हेही लिहिले की पुन्हा संधी मिळाली तर शेजाऱ्यांबरोबर अवश्य जा, फक्त जुनी पँट घालून जा.

अल्लाह आपल्या जिभेला आणि हातांना आवर घालण्याची शक्ती देवो. ज्यांना आपण दुखावले आहे त्यांच्यापर्यंत हयातीतच पोहोचण्याची सद्बुद्धी आणि सवड देवो, आणि शोध अर्धवट सोडून बसणाऱ्यांमध्ये आपली गणना न करो. आमीन.